काटेकोररावांचं धार लावायचं यंत्र

काटेकोरराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. लग्नानंतर सासुरवाडीच्या मंडळींनी मागून ठेवलेलं हे नाव, पण ते इतकं चपखल बसलं की पुढे बायकोही रागावली की तेच वापरू लागली. त्यांनी स्वतः एकदा विचार करून पाहिला आणि नावात खोट काढण्यासारखं काही सापडेना, म्हणून मान्य केलं. खोट काढणं हा तर त्यांचा पेशाच होता. कारखान्याच्या एका बंद, थंडगार खोलीत ते दुसऱ्यांची मापं तपासत. दाब मोजणारे काटे, वजनं, पट्ट्या, जे जे मोजतं ते खरं मोजतं का, एवढंच बघायचं. खरं मोजत नसेल तर लाल चिठ्ठी लावून परत पाठवायचं.

अशा माणसाला प्रत्येक गोष्टीबद्दल मत असतं, आणि मतांच्या गर्दीत निर्णयाला बसायला जागा उरत नाही. घरात पंखा घ्यायचं ठरलं तेव्हा उकाड्यानं जीव नकोसा झाला होता. पंखा प्रत्यक्ष आला तेव्हा सगळे स्वेटर घालून बसले होते. पंखा मात्र उत्तम होता, हे काटेकोरराव आजही छाती पुढे काढून सांगतात.

तर अशा या गृहस्थांवर बायकोनं एक नाजूक काम सोपवलं, इथून सगळी भानगड सुरू झाली.

काम तिच्या वडिलांचं होतं. सासरे तरुणपणी शिकाऱ्यांना जंगलात वाट दाखवायचे. शिकार संपली, जंगल लांब राहिलं, गुडघेही थकले आणि ते मुलीच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत येऊन राहिले. त्या आयुष्यातल्या दोनच वस्तू त्यांनी सोबत आणल्या होत्या. एक शिंगाच्या मुठीचा शिकारीचा सुरा आणि एक घडीचा चाकू, जो कायम सदऱ्याच्या खिशात असे. दर रविवारी सकाळी खिडकीजवळच्या टेबलावर धारेचा दगड ओला करून ते दोन्हींना धार लावत. सुऱ्यानं आता कापायला काही नव्हतं, पण धार लावल्याशिवाय त्यांचा रविवार उजाडत नसे.

अलीकडे त्यांचे हात थरथरायला लागले होते. कप बशीत ठेवताना वाजायचा. एका रविवारी दगडावर पातं एकदा उभं, एकदा आडवं पडत गेलं आणि आहे ती धारही गेली. त्यांनी दोन्ही चाकू फडक्यात गुंडाळून मुलीपुढे ठेवले.

"घेऊन जा. कुणाला तरी देऊन टाक."

"मी लावून आणते ना धार, बाबा."

"दुसऱ्यानं धार लावलेला चाकू घेऊन मी काय करू?"

ते चिडून बोलले असते तर तिनं भांडून घेतलं असतं. पण ते अगदी सहज बोलले, नको असलेलं जुनं वर्तमानपत्र उचलायला सांगावं तसं. ती फडकं घेऊन घरी आली आणि स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून रडली.

"आधी त्यांनी फिरायला जाणं सोडलं," ती नवऱ्याला म्हणाली. "मग मित्रांकडे जाणं सोडलं. आता हे. एकेक करून सगळं देऊन टाकतायत हो ते. असं काहीतरी शोधा ना, की हात हलला तरी चालेल. त्यांचं त्यांना करता आलं पाहिजे."

काटेकोररावांचे डोळे चमकले. अशी यंत्रं असतात हे त्यांना माहीत होतं. चाकू चिमट्यात घट्ट बसवायचा, दगडाची पट्टी एका सळईवर असते, सळई ठरलेल्या कोनातच पुढेमागे सरकते. हात कितीही हलो, कोन हलत नाही.

"आहे तसं," ते म्हणाले. "बघतो मी. फक्त घाईत घ्यायची वस्तू नाही ती."

हे शेवटचं वाक्य ऐकल्यावर बायकोनं तिथेच कपाळाला हात लावायला हवा होता. पण ती डोळे पुसत होती.

काटेकोररावांनी कंबर कसली. यंत्रं काही एकदोन प्रकारची नव्हती. चिमटा आणि सळईचं होतं, चुंबकाच्या ठोकळ्याला चाकू टेकवून शेजारून चाक फिरवायचं होतं, विजेवर पट्टा फिरणारं होतं, नुसतं खाचेतून चाकू ओढायचंही होतं. प्रत्येकाचे भक्त वेगळे. रोज जेवण झालं की ते व्हिडिओ लावून बसत. व्हिडिओत दाढीवाले धिप्पाड पुरुष मंद आवाजात कोनाविषयी बोलत आणि शेवटी कागदाची एक पातळ पट्टी हवेत कापून दाखवत. काटेकोररावांच्या आयुष्यात इतकी शांत माणसं पूर्वी कधी आली नव्हती. शिकारीच्या सुऱ्याला कोन थोडा मोठा हवा, धार टणक राहते. खिशातल्या चाकूला थोडा कमी चालतो. थोडा म्हणजे किती, यावर जगभरचे लोक एकमेकांचे गळे धरायला तयार होते, आणि काटेकोररावांना घरबसल्या दोन्ही बाजू पटत होत्या.

नुसतं बघून त्यांचं समाधान होईना. एक यंत्र मागवलं. मग तुलनेला दुसरं. तुलना दोघांतच झाली तर ती तुलना कसली, म्हणून तिसरं. जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग खोक्यांनी व्यापला आणि कुटुंब उरलेल्या अर्ध्या भागावर कोपर अंगाशी धरून जेवू लागलं.

धार लागली की ती तपासायची तर हातावरचे केस भादरून बघायचे, अशी व्हिडिओवाल्यांची रीत. पहिल्या यंत्रात काटेकोररावांचा डावा हात कोपरापर्यंत गुळगुळीत झाला. दुसऱ्यात उजवा. कारखान्यात एक सहकारी काळजीनं म्हणाला, "काही त्वचेचं वगैरे झालंय का?" त्यांनी पूर्ण बाह्यांचे शर्ट घालायला सुरुवात केली आणि पोटऱ्यांकडे मोर्चा वळवला.

"आता डोक्यावरचे तेवढे राहिलेत," बायको म्हणाली. "तेही फार नाहीत. जपून वापरा."

वर्तमानपत्राची तर दैना झाली होती. सकाळी ते कुणी वाचायच्या आत त्याच्या शेवया होत. काटेकोररावांच्या शाळकरी मुलीनं एकदा बातमी जुळवून वाचायचा प्रयत्न केला, पण मंत्र्याचं भाषण आणि हवामानाचा अंदाज एकमेकांत मिसळून गेले होते, आणि फारसा फरक पडला नाही.

सगळ्यांत लाजिरवाणा प्रकार पुढेच होता. तुलना न्याय्य व्हायची तर प्रत्येक यंत्रापुढे चाकू सारखाच बोथट जायला हवा. म्हणून एका यंत्रानं धार लागली की काटेकोरराव बाहेर येऊन, दाराच्या पायरीवर उकिडवे बसून, सासऱ्यांचा सुरा दगडावर घासून पुन्हा बोथट करत. शेजारच्या काकू एकदा हे बघत उभ्या राहिल्या.

"धार लावताय?"

"नाही, काढतोय."

काकू घरात गेल्या. त्या दिवसापासून त्या त्यांच्याशी जरा मोठ्यानं आणि सावकाश बोलू लागल्या. दर वेळी पात्याचं पोलाद थोडं थोडं झिजत होतं, हे काटेकोररावांना ठाऊक नव्हतं असं नाही. उलट नेमकं किती झिजलं हे त्यांनी मोजून ठेवलं होतं. आपण एवढे शहाणे असून हे थांबवत का नाही, हा प्रश्न त्यांना अधूनमधून पडे. मग पुढचा व्हिडिओ सुरू होई.

मध्ये सासऱ्यांचा फोन आला. "जावईबापू, ते चाकू कुणाला दिलेत?"

"दिले नाहीत बाबा. काम चालू आहे त्यांच्यावर."

"बरं बरं. सहज विचारलं. मला काही नकोयत ते."

काटेकोररावांनी ते जसंच्या तसं खरं मानलं. लोक जे बोलतात तेच त्यांना म्हणायचं असतं, अशी त्यांची समजूत होती. थंड खोलीतल्या काट्यांच्या बाबतीत ती बरोबरही होती.

मग एका संध्याकाळी बायको वडिलांकडून आली ती चप्पल न काढताच समोर उभी राहिली.

"बाबांनी धारेचा दगड दाराला लावलाय."

"म्हणजे?"

"दार वाऱ्यानं आपटतं ना, म्हणून खाली अडकवून ठेवलाय. म्हणाले, बरं झालं, उपयोगी तरी आला." तिनं टेबलावरचं एक खोकं बाजूला सरकवलं. "तुमचं ते काय असेल ते या रविवारी घेऊन चला. नाहीतर राहू द्या कायमचं. नंतर आणून त्यांना काही उपयोग नाही."

आपण यंत्र शोधत होतो आणि तिकडे माणूस हातातून निसटत होता, हे काटेकोररावांना पहिल्यांदाच लख्ख दिसलं. त्या रात्री जेवणाआधीच निकाल लागला. चिमटा आणि सळईचं तिसरं यंत्र. कोनाच्या अचूकतेत त्याच्या जवळपासही कुणी नव्हतं. शिकारीच्या सुऱ्याचं जाड पातं आणि घडीच्या चाकूचं अरुंद पातं दोन्ही त्यात नीट बसत. निवडीत कुठे बोट ठेवायला जागा नव्हती.

रविवारी सकाळी दोघं सासऱ्यांकडे गेले. खिडकीजवळचं टेबल रिकामं होतं. बायको "बाबांची औषधं घेऊन येते" म्हणून मुद्दामच बाहेर पडली, दोघांना जरा मोकळीक म्हणून. काटेकोररावांनी खोकं उघडलं आणि एकेक भाग टेबलावर मांडला. सासरे खुर्चीत मागे टेकून बसले होते, पण मान पुढे आली होती.

काटेकोररावांनी सुरा चिमट्यात बसवला, धारेला काळ्या मार्करनं रंग दिला म्हणजे दगड कुठे लागतो ते कळतं, आणि सळई सरकवू लागले. खर्र, खर्र. काळी रेघ एकसारखी पुसली गेली. मग बारीक पट्टी, मग त्याहून बारीक. सुरा काढून त्यांनी कागदावर नुसता टेकवला आणि कागदाचे दोन तुकडे झाले.

"वा!" सासरे म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले. "आणि हात हलला तरी चालतो?"

"तेच तर! कोन यंत्र धरतं. तुम्ही फक्त मागेपुढे करायचं. आता चाकू तुम्ही लावा."

सासऱ्यांनी घडीचा चाकू उघडून चिमट्यात धरला. इथवर ठीक होतं. आता चिमटा आवळायचा. आवळायला एक स्क्रू होता. सुबक, चकचकीत, शर्टाच्या गुंडीएवढा.

सासऱ्यांची बोटं त्यावर गेली आणि सुटली. पुन्हा गेली. स्क्रू अर्धा वेढा फिरला, तेवढ्यात बोट घसरून उलटा फिरला. तिसऱ्या खेपेला तो निघून खाली पडला आणि गडगडत कपाटाखाली गेला. काटेकोरराव जमिनीवर पालथे झाले, पट्टीनं तो बाहेर ओढला आणि गुडघे झटकत उठले. सासऱ्यांनी पुन्हा प्रयत्न केला. स्क्रू पुन्हा कपाटाखाली गेला.

दुसऱ्यांदा काटेकोरराव उठले तेव्हा सासऱ्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते, एकावर एक, खालच्यानं वरच्याला धरून ठेवावं तसे.

"छान आहे हो यंत्र," ते म्हणाले. "तुम्हाला पडेल उपयोगी."

काटेकोररावांना कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. कोन बघितला, दगड बघितले, सळईचा हेलकावा बघितला, पात्याची जाडी बघितली, आपल्या पोटरीवरचे केससुद्धा बघितले. तो स्क्रू कोणाच्या बोटांनी आवळायचा आहे, एवढंच बघितलं नाही. तिन्ही यंत्रांचे सगळे स्क्रू इतके दिवस त्यांनी स्वतःच्या धडधाकट बोटांनी आवळले होते आणि त्यांना एकदाही शंका आली नव्हती. असं एखादं उपकरण त्यांच्या खोलीत आलं असतं तर त्यांनी त्याला लाल चिठ्ठी लावली असती. चिठ्ठी आता स्वतःच्या कपाळावर लावावी लागेल, असा विचार त्यांच्या मनात आला, आणि तोही विनोदी वाटेना.

त्यांनी आवराआवर सुरू केली. सुरा म्यानात घालण्याआधी फडक्यानं पुसायला घेतला, लक्ष सासऱ्यांच्या हातांकडे, आणि फडक्यातून अंगठा सरळ धारेवरून गेला.

"अरे!" सासरे खुर्चीतून उठले. इतक्या चटकन उठलेलं त्यांना कित्येक महिन्यांत कुणी पाहिलं नव्हतं. "दाबून धरा. वर धरा हात. वर!"

त्यांनी जावयाला खुर्चीत बसवलं, नळाखाली स्वच्छ रुमाल भिजवून आणला आणि अंगठ्याभोवती गुंडाळायला लागले. हात थरथरत होते, गाठ दोनदा सुटली, पण त्यांचं लक्ष हाताकडे नव्हतंच. तिसऱ्यांदा गाठ घट्ट बसली.

"दुखतंय फार?"

"नाही."

"धार मात्र लागलीय हं," सासरे गंभीरपणे म्हणाले.

काटेकोररावांना आधी बरंच वाईट वाटलं आणि मग हसू फुटलं. सासरेही हसले, खांदे हलवत, आवाज न करता. हसणं ओसरल्यावर त्यांची नजर टेबलावर गेली. चिमट्याच्या जबड्यात घडीचा चाकू तिरका लोंबकळत होता.

"याचं काय करायचं?"

"राहू द्या बाबा. माझा अंगठा गेला, आता माझ्यानंही तो स्क्रू आवळला जायचा नाही."

"अर्धवट टाकून उठायचं? मला नाही आवडत." त्यांनी चिमटा उचलून जवळ घेतला, इकडून तिकडून पाहिला. "मला हा फिरवता येत नाही. पण दाबून धरता येईल."

त्यांनी स्क्रू दोन्ही तळहातांमध्ये घेतला आणि कोपरं टेबलावर टेकवून असा दाबला की थरथर जागच्या जागी अडकली. "आता तुम्ही डाव्या हातानं चिमटाच फिरवा."

यंत्राबरोबर आलेल्या माहितीपुस्तिकेत असं करू नये असं लिहिलं नव्हतं, कारण असं कुणी करेल हे लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसणार. सासरे स्क्रूला चिकटलेले, जावई डाव्या हातानं चिमटा गोल फिरवतोय आणि चिमट्यातला चाकू घड्याळाच्या काट्यासारखा दोघांच्या नाकांसमोरून फेऱ्या मारतोय.

"मान मागे घ्या बाबा!"

"तुम्ही तुमची बघा. मला मिशी आहे, आधी ती जाईल."

"झालं का घट्ट?"

"अजून एक फेरी. हळू. हां, बसला!"

चिमटा जागेवर गेला, धारेला काळा रंग लागला. सासऱ्यांनी सळई धरली. पहिल्यांदा आवाज अडखळत आला, खर्, खर्खर्, खर्. काटेकोररावांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग आवाजाला लय सापडली. हात थरथरत होता, सळईही थोडी थोडी हलत होती, पण दगड पात्यावर नीट पडत होता. सासऱ्यांचे डोळे बारीक झाले, ओठ किंचित पुढे आले. काळी रेघ टोकाजवळ थोडी राहिली, बाकी पुसली गेली. चाकू उलटा करताना पुन्हा तीच सर्कस झाली, आणि या वेळी दोघांनाही ती जमली.

धार लावून होईपर्यंत बायको कधीतरी परत आली होती. ती दारातून आत आली, वडिलांना खिडकीशी वाकलेलं पाहिलं, नवऱ्याच्या अंगठ्याला लाल झालेला रुमाल पाहिला, आणि औषधांची पिशवी हातात धरून नवऱ्याच्या खुर्चीमागे तशीच उभी राहिली.

"आता मोजा," सासरे म्हणाले. "तुम्ही मोजणारे. किती आला कोन?"

काटेकोररावांनी खिशातून आपलं छोटं कोनमापक काढलं आणि पात्याच्या एका बाजूला टेकवलं. मग दुसऱ्या बाजूला. चिमटा तिरका बसला होता. एका बाजूला सतरा अंश, दुसऱ्या बाजूला चोवीस. चढ एकीकडे आणि उतार दुसरीकडे. इतकी वाकडी धार त्यांच्या तिन्ही यंत्रांत मिळून एकदाही लागली नव्हती.

सासरे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. शाळेत निकाल लागताना मुलं बघतात तसे.

"वीस," काटेकोरराव म्हणाले. "दोन्हीकडे वीस."

"वीस म्हणजे बरं का?"

"अगदी जसं पाहिजे तसं."

त्यांनी मापक घाईघाईनं बंद करून खिशात टाकलं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकही खोटं माप सांगितलं नव्हतं, आणि इतक्या सहज ते तोंडातून निघेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

सासऱ्यांनी कागद घेतला. चाकू निम्म्यापर्यंत गेला, थोडा अडला, मग पुढे गेला. कड काही सरळ आली नाही. ते मात्र कागदाचे दोन्ही तुकडे उजेडात धरून बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी चाकू मिटला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला.

"पुढच्या रविवारी मोठा सुरा काढू," ते जावयाला म्हणाले. "अंगठा बरा झाला तरी या. यंत्र फिरवायला माणूस लागतो."

"येतो," काटेकोरराव म्हणाले.

परतताना दोघं कोपऱ्यावर रस्ता ओलांडायला थांबले तेव्हा बायको म्हणाली, "मी मागेच उभी होते. आकडे दिसले मला."

काटेकोररावांचे कान गरम झाले. "चिमटा जरा तिरका बसला होता," ते म्हणाले. "पुढच्या वेळी नीट बसेल."

"नाही बसला तरी चालेल," ती म्हणाली. "आज तुम्ही बरोबर मोजलंत."

रस्ता मोकळा झाला तरी काटेकोरराव तसेच उभे राहिले, तेव्हा तिनंच त्यांचा चांगला हात धरून पलीकडे नेलं.